तीन मूग आणि एक हरभरा

मंगळवारी सकाळी आमच्या दवाखान्याची बस कुवेतच्या अब्बासियातून बाहेर पडत असताना माझ्या फ्लॅटमधल्या सलीमचा आवाजी निरोप आला. सलीम कधी बोलून निरोप पाठवत नाही, त्यामुळे मी फोन लगेच कानाला लावला. "भाऊ, सर गेले. काल सांजच्याला. वहिनींचा फोन व्हता." एवढंच. मी तो निरोप पुन्हा ऐकला. शेजारच्या सीटवर आमच्याकडची फिलिपिनो नर्स बसली होती. माझं तोंड बघून तिने विचारलं, घरचं कुणी का. "माझे बॉस," असं तोंडातून निघून गेलं. तिने हळहळून मान हलवली. मग माझ्या लक्षात आलं की हंगरगे सर माझे बॉस कधीच नव्हते. ते शुवैखमधल्या एका गोदामात गाड्यांचे सुटे भाग मोजून फळीवर लावायचे आणि मी दवाखान्यात एक्स-रे काढतो. त्यांना बॉस म्हणायला मी उभी अकरा वर्षं तोंडावर नकार दिला होता, आणि ते गेल्याचं कळल्यावर पंधरा मिनिटांत म्हणून मोकळा झालो.

सर उदगीरकडचे. किशनराव हंगरगे. गावाजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत त्यांनी नऊ वर्षं इतिहास शिकवला. आज ना उद्या अनुदान येईल म्हणून सगळे मास्तर बिनपगारी शिकवत होते. अनुदान काही आलं नाही, सरांच्या मिशीत मात्र पांढरे केस आले. शेवटी मेव्हण्याच्या ओळखीने ते कुवेतला आले. निघताना नववी 'ब'च्या पोरांनी त्यांना स्टीलचं एक ताट दिलं होतं. त्याच्या काठावर नाव कोरलेलं : 'श्री. हंगरगे सर यांना नववी 'ब'तर्फे सप्रेम भेट.' 'सप्रेम'वर एक नको असलेला अनुस्वार पडला होता. सर त्या चुकीकडे बोट दाखवून म्हणायचे, हे मी शिकवलेलं नाही हो, मराठीचे सर वेगळे होते. पण त्या ताटाशिवाय ते दुसऱ्या ताटात कधी जेवले नाहीत, आणि ते कुणाला घासायलाही दिलं नाही.

आमच्या फ्लॅटचा इतिहास सांगितल्याशिवाय सरांचा सांगता येणार नाही. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, चार माणसं. मी साताऱ्याचा. सलीम श्रीवर्धनचा, जवळच्याच बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, कामाला. दिगंबर एसी दुरुस्त करणारा, सांगलीचा, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. सर आले तेव्हा फ्लॅट एका जुन्या मुकादमाच्या नावावर होता. तो फ्रिजला कुलूप लावायचा, आंघोळीच्या पाण्यावर पहारा ठेवायचा आणि वर स्वतः मधल्या खोलीत एकटा झोपायचा. एक दिवस त्याचा व्हिसा संपला आणि तो गेला. आम्ही ते कुलूप तोडून साजरं केलं. पुढचे तीन महिने आमच्याकडे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नांदली. स्वातंत्र्य असं की भांडी कुणीच घासेना, आणि समता अशी की सगळेच सारखे उपाशी. एका शुक्रवारी गॅस संपला तेव्हा चौघांतला एकही जण सिलिंडर आणायला उठला नाही, कारण मागच्या वेळी कुणी आणला यावर एकमत होईना. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सर्वानुमते हंगरगे सरांना एका महिन्यासाठी कारभारी नेमलं. एक महिना म्हणजे किती, तर अकरा वर्षं.

सर गालात हसून म्हणाले होते की फ्रान्समध्येही अगदी असंच झालं. राजाला घालवला, मग गोंधळ झाला, मग लोकांना वाटलं कुणीतरी एक खमक्या माणूस असावा बाबा… आणि तो नेपोलियन आधी ठरावीक मुदतीसाठी आला, मग जन्मभरासाठी झाला, मग त्याने स्वतःच्या हाताने मुकुट डोक्यावर ठेवला. आम्ही ते मनावर घेतलं नाही. आठवड्याभरात फ्रिजच्या दारावर सरांच्या टपोऱ्या अक्षरातला कागद चिकटला. आंघोळीच्या वेळा, स्वयंपाकाच्या पाळ्या, फोनवर ओरडून बोलू नये, कुणाचा चार्जर कुणी घेऊ नये. एकूण एकोणीस कलमं. दिगंबरने त्याच दिवशी त्यांचं नाव नेपोलियन ठेवलं. सरांना ते कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, तो काही लोक समजतात तितका बुटका नव्हता. सर स्वतः सहा फूट होते, त्यामुळे त्यांना या विषयात रस असण्याचं कारण मला तरी दिसलं नाही.

कलमांपैकी अठरा ठीक होती. एकोणिसावं जाचक होतं. 'शुक्रवारी आधी घर, मग ताट.' शुक्रवार सुट्टीचा. सलीम नमाजहून आला की एक वाजता चौघं एकत्र जेवायचो. पण त्याआधी प्रत्येकाने घरी फोन केलेला पाहिजे. ज्याचा फोन झाला त्याने आपलं ताट सुलटं करायचं. ज्याचा झाला नाही त्याचं ताट सतरंजीवर उपडंच राहणार आणि त्यावर सर वाढणार नाहीत. भात निवो की रस्सा आटो. हुकूमशाही यापेक्षा वेगळी काय असते? मी पहिल्याच शुक्रवारी तसं म्हटलंही. सर म्हणाले, "असंल की. पण पवार, आठवड्यातून सहा दिवस तुमी तुमचे राजे. एक दिवस मला द्या."

आता कबूल करायला हरकत नाही. त्या कलमाआधी मी घरी महिन्यातून दोनदा बोलायचो, आणि तेही कामापुरतं. मी निघालो तेव्हा सायली दुसरीत होती. फोनवर मी विचारायचो अभ्यास झाला का, ती म्हणायची "येस", मी म्हणायचो आईला दे. संपलं. पण दर शुक्रवारी ताट उपडं समोर ठेवून बसल्यावर माणूस काय करणार? भूक लागलेली, घरात रश्शाचा वास सुटलेला. बोलावंच लागायचं. हळूहळू तिच्या मैत्रिणींची नावं मला पाठ झाली. कुठली भाजी ती गुपचूप मांजराला घालते ते कळलं. तिला शाळेच्या बसची भीती का वाटते, ते तिच्या आईच्याही आधी मला कळलं. हे सगळं एकोणिसाव्या कलमाने दिलं, आणि मी मात्र त्या कलमावर पुढची कित्येक वर्षं कुरकुरत राहिलो.

ती नववीत गेली तेव्हा एका शुक्रवारी तिने मला प्रश्न विचारला. इतिहासाच्या बाईंनी घरी लिहून आणायला सांगितलं होतं : नेपोलियन हुकूमशहा होता का? तुमचे मत सकारण लिहा. मी म्हटलं, थांब, आमच्याकडे एक जिवंत नेपोलियन आहे, त्यालाच विचार. आणि फोन सरांच्या हातात दिला… त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. हातातला पळा त्यांनी खाली ठेवला, हात लुंगीला पुसले, आणि बसल्या जागी पाठ ताठ केली. इतकी वर्षं त्यांना कुणी इतिहासाचा प्रश्न विचारला नव्हता. गोदामात लोक विचारायचे ते गाडीच्या पंपाबद्दल.

त्यांनी तिला उत्तर सांगितलं नाही. तिने किती गयावया केली तरी नाही. म्हणाले, खटला चालवू. पुढचे दोन शुक्रवार आमचा जेवणाआधीचा वेळ त्यातच गेला. फोन सतरंजीच्या मधोमध, पलीकडे सातारला सायली वही घेऊन. दिगंबर आरोप करणार, सलीम बचाव करणार, मी ऐकणार आणि सर दोघांना आधी माहिती पुरवणार. सलीमचं म्हणणं सोपं होतं. नेपोलियन इजिप्तला आलेला म्हणजे आपल्या बाजूला येऊन गेलेला माणूस, त्याला थोडी सवलत द्या. शिवाय सगळ्यांना एकच कायदा, गरिबाच्या पोरालाही हुशारीवर मोठं होता येईल, शाळा, रस्ते, हे त्यानेच केलं ना. दिगंबरने तोंड सोडलं. वर्तमानपत्रं बंद पाडली, घरोघरी हेर लावले, भावांना राजे केलं, लोकांचं मत घेतलं तेही असं की उत्तर आधीच ठरलेलं. सायली खिदळत लिहून घेत होती.

मग सरांनी स्वयंपाकघरातून दोन वाट्या आणल्या. फोनमध्ये बघून तिला म्हणाले, "बेटा, एका वाटीत त्यानं दिलं ते, दुसऱ्या वाटीत घेतलं ते. पण ह्या वाटीतलं त्या वाटीत ओतायचं नाही. रस्ते बांधले म्हणून हेर माफ होत न्हाईत, अन् हेर ठेवले म्हणून रस्ते बुजत न्हाईत. दोन्ही भरलेल्याच ठेवायच्या. अन् मग विचारायचं, कुणाला विचारावं? कायदा चांगला होता का, हे वकिलाला नको विचारू. बायकांना विचार, त्याच कायद्यानं त्यांना नवऱ्याच्या हाताखाली ठेवलं होतं. वसाहतीतल्या गुलामाला विचार, क्रांतीनं सोडवलेला माणूस त्यानं परत बांधला." सायलीने ते सगळं उतरवून घेतलं. मग म्हणाली, "सर, मग तर तो वाईटच." सर म्हणाले, घाई नको, अजून एक शुक्रवार आहे.

तो तिसरा शुक्रवार मी बिघडवला. झालं असं की त्या आठवड्यात माझी रजा कंपनीने नाकारली. बायकोला सांगितलं तर ती तडकली. तिचं बरोबरच होतं, लागोपाठ दुसऱ्या वर्षी मी येणार नव्हतो. रागाच्या भरात ती म्हणाली, येणार नसाल तर फोनही करू नका. आणि मी, अक्कलशून्य माणूस, ते शब्दशः घेतलं. शुक्रवारी एक वाजला. तिघांची ताटं सुलटी झाली. माझं उपडं. सरांनी त्या दोघांना वाढलं, स्वतःच्या ताटात वाढून घेतलं, आणि कुणीच खाईना. ते मला सोसवेना. मी म्हटलं, खटल्याचा निकाल आजच लावू, आत्ता, मतदान घ्या. सलीम म्हणाला, सायली फोनवर नाय आणि निकाल कसा? मी म्हटलं, मत आपलं आहे, तिचं नाही. सगळ्यांना कळत होतं की मला निकाल कुठल्या नेपोलियनचा हवाय.

सर उठले. बिस्किटांचा रिकामा डबा आणला. आत दाणा पडल्याचा आवाज येऊ नये, आवाजावरून कुणी काय टाकलं ते ओळखू येऊ नये, म्हणून तळाशी एक फडकं घातलं. प्रत्येकाच्या हातात एक मूग आणि एक हरभरा दिला. हुकूमशहा होता म्हणणाऱ्याने मूग टाकायचा, नव्हता म्हणणाऱ्याने हरभरा. मूठ बंद, उरलेला दाणा खिडकीतून बाहेर. मी मूग टाकला. दिगंबरनेही मूगच टाकला. त्याने ते नंतर स्वतःच सांगितलं, त्याच्या पोटात काही राहत नाही. डबा उघडला. तीन मूग आणि एक हरभरा. मी त्या हरभऱ्याकडे बघितलं आणि सरांकडे बघितलं. चार माणसांत स्वतःच्या बाजूने एकच मत, आणि तेही स्वतःचंच… असं माझ्या मनात आलं, आणि बहुधा तोंडावरही दिसलं असावं.

सर फ्रिजपाशी गेले. कागदाचे चारही कोपरे नखाने सोडवले, घडी घातली आणि खिशात ठेवली. "निकाल मान्य," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, खटला नेपोलियनचा होता." ते म्हणाले, "पवार, त्याला मरून दोनशे वर्षं होत आली. त्याला काय फरक पडतो?" आणि आपल्या खोलीत गेले. मी माझं ताट सुलटं केलं, स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. दोन घासांपलीकडे गेलं नाही. जिंकल्यावर असं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

पुढचे पाच आठवडे आमच्याकडे पुन्हा क्रांतीनंतरचा गोंधळ होता. भांड्यांचा ढीग, आंघोळीवरून भांडणं, सिलिंडर संपलेला. सर आपल्या पाळीचं काम करायचे, आपलं ताट घासायचे, आणि एक शब्द बोलायचे नाहीत. शुक्रवारी ते आपल्या घरी फोन करायचे आणि जेवायचे. आम्हाला कुणी अडवत नव्हतं. दिगंबरने दोन आठवडे घरी फोनच केला नाही. मी पाचही आठवडे नाही. पाचव्या शुक्रवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. सर मागे येऊन उभे राहिले. हातात त्यांचा फोन. "मी आता पदावर न्हाई, म्हणून सांगत न्हाई," ते म्हणाले. "विनंती करतो." पलीकडे सायली होती. तिने स्वतःच सरांना फोन लावला होता, त्यांचा नंबर तिने खटल्याच्या वेळी वहीत लिहून घेतला होता.

मला वाटलं ती रडेल किंवा रागावेल. ती म्हणाली, "पप्पा, निकाल काय लागला? बाईंना वही अजून द्यायची आहे." मी सांगितलं, हुकूमशहा होता, तीन विरुद्ध एक. "तुम्ही काय टाकलं?" मूग. "का?" मी हातातला ओला शर्ट पुन्हा पिळायला घेतला. "पप्पा, सकारण लिहायचंय," ती म्हणाली. आणि खरं सांगतो, मला एक कारण देता येईना. हेर, वर्तमानपत्रं, गुलाम, सगळं ऐकलेलं होतं, त्यातलं एकही माझं कारण नव्हतं. माझं कारण एवढंच होतं की एका माणसाने मला माझ्या लेकीशी बोलल्याशिवाय जेवू दिलं नाही. ते तिला कसं सांगू? मी म्हटलं, आईला दे. यावेळी कामापुरतं नाही. बायकोशी अर्धा तास बोललो. आत आलो तेव्हा माझं ताट सतरंजीवर होतं, सुलटं. सरांनीच केलं होतं. मी त्यांची माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, आज रस्सा तिखट झालाय.

त्यांना पदावर परत आणायला दिगंबर गेला, कान पकडून. सलीम म्हणाला, एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून नेपोलियन परत आला तो शंभरच दिवस टिकला, आता आपला बघू. सरांनी अट घातली की कलमं चौघांनी चौघांच्या अक्षरात लिहायची, आणि दर महिन्याला प्रत्येकाला एक कलम खोडता येईल. नवा कागद लागला, चार हस्ताक्षरांचा. पुढच्या वर्षांत त्यातली बरीच कलमं खोडली गेली. चार्जरचं गेलं, आंघोळीचं गेलं. एकोणिसाव्यावर कुणी पेन ठेवलं नाही. मला दर महिन्याला संधी होती.

मी मात्र त्यांना त्या एका हरभऱ्यावरून छळायचं सोडलं नाही. काही वाद झाला की म्हणायचो, सर, तुमचं काय, स्वतःचं मत स्वतःलाच. ते हसायचे. एकदाही उलट बोलले नाहीत. दिगंबर कुवेतमध्येच खैतानला बिऱ्हाड करून गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. दोन वर्षांपूर्वी सरांना गोदामवाल्यांनी वयाचं कारण देऊन निरोप दिला. सामान बांधताना त्यांनी नववी 'ब'चं ताट बाजूला काढलं. मी म्हटलं, सर, हे राहिलं. ते म्हणाले, राहू द्या, एक ताट इथं असू द्या.

गावी गेल्यावरही दर शुक्रवारी एकच्या ठोक्याला त्यांचा फोन यायचा. आम्ही त्याला फर्मान म्हणायचो. हद्दपारीतून आलेलं फर्मान. विचारणं ठरलेलं : "केला का सगळ्यांनी फोन? वाढून घेतलं का?" आम्ही म्हणायचो, केला सर, घेतलं सर. की ते ठेवून द्यायचे. कधी कधी मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. एवढ्या लांबून कारभार सोडवत नाही या माणसाला, असं वाटायचं. शेवटच्या शुक्रवारी सलीम दुकानात अडकला होता आणि मला डुलकी लागली. उठून बघतो तर सरांचे चार फोन येऊन गेलेले. सव्वादोनला मी उलट लावला. पहिल्याच घंटीला उचलला. "जेवलात?" मी म्हटलं, हो, आत्ताच. खरं तर जेवलो नव्हतो, पण पुन्हा प्रश्न नकोत. "बरं," ते म्हणाले. "मग मी जेवून घेतो." मी फोन ठेवला. आणि सोमवारी ते गेले.

बातमी आली त्या आठवड्यात शुक्रवारी दिगंबर खैतानहून आला. तिघं बसलो. कुणाला भूक नव्हती, म्हणून जुन्या गोष्टी निघाल्या, आणि ओघात मी तो हरभराही काढला. म्हटलं, स्वतःला मत देणारा माणूस, पण काय माणूस होता. सलीम खाली बघत होता. मग म्हणाला, "भाऊ, हरभरा सरांचा नव्हता. मी टाकलेला." मला आधी कळलंच नाही. मग मी मोजलं. माझा मूग, दिगंबरचा मूग. हरभरा सलीमचा. म्हणजे तिसरा मूग… "तुला माहीत होतं?" दिगंबर ओरडला. "इतकी वर्षं हा माणूस त्यांना टोचत व्हता आणि तू गप्प?" सलीमचे डोळे भरले होते. "मी एकदा बोलणार व्हतो," तो म्हणाला. "सरांनी हात दाबला माझा. बोलले, गुप्त मतदान म्हंजे गुप्त. कुणाच्या बापाला सांगायचं नाय."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. घासायला भांडी नव्हती. ज्या माणसाने स्वतःच्या विरुद्ध मत दिलं, आणि सात वर्षं मी ते त्याच्याच तोंडावर उलटं फेकत राहिलो, तो हसत राहिला… मला फार रडू आलं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, नळाच्या आवाजाआड, लहान पोरासारखं.

बाहेर येऊन मी वहिनींना फोन लावला. सरांच्या बायकोशी मी त्याआधी दोन वाक्यांपलीकडे कधी बोललो नव्हतो. काय बोलायचं तेही ठरवलं नव्हतं. त्यांनीच विचारलं, "भाऊ, जेवलात का?" मी म्हटलं, वहिनी, सरांसारखं विचारताय. त्या म्हणाल्या, "मग काय करू? दोन वर्सं ऐकतेय. शुक्रवारी तुमचा फोन झाल्याबिगर जेवायचेच न्हाईत. ताट उपडं घालून बसायचे की समोर. मी म्हणायची, अवो, घरीच आलाव ना आता, मग कोणच्या घरला फोन? तर म्हणायचे, तिकडं पण घरच हाय. साडेतीन वाजायचे, कधी चार. गोळ्या घ्यायच्या असायच्या, तरी बी न्हाई."

साडेतीन. आमच्या एकाला त्यांच्याकडे साडेतीन वाजतात. चौदा वर्षं मी डोक्यात दोन घड्याळं घेऊन फिरतोय. सायलीची शाळा कधी सुटते, बायको कधी झोपते, हे मला हिशेब न करता कळतं. पण एका म्हाताऱ्या माणसाच्या जेवणाची वेळ मला दोन वर्षांत एकदाही सुचली नाही. आणि त्या शेवटच्या शुक्रवारी मी सव्वादोनला फोन केला तेव्हा तिकडे पावणेपाच झाले होते. मग मी जेवून घेतो, असं ते म्हणाले होते. मी वहिनींना ते सांगितलं आणि माफी मागितली. जी सरांकडे मागायची राहिली, ती वहिनींकडे मागितली. त्या म्हणाल्या, "असू द्या हो. तुमचा फोन आला म्हणून त्या दिवशी दोन घास जास्तीच खाल्ले त्यांनी."

सायली आता पुण्यात शिकते. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने विचारलं, "पप्पा, आता मतदान झालं तर तुम्ही काय टाकाल?" मी खूप विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं, निदान या प्रश्नावर नाही. मी म्हटलं, मूगच. होतेच ते हुकूमशहा. आम्हाला न विचारता कलम लावलं, उपाशी ठेवलं, आणि वर आम्ही त्याला कधी हो म्हटलं नव्हतं. ते त्या वाटीत राहू दे. "आणि दुसरी वाटी?" तिने विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या वाटीत तू आहेस. ती हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला. ओतायचं नाही हं, ती म्हणाली.

फ्रिजवरचा चार हस्ताक्षरांतला कागद आता पिवळा पडलाय. वेगवेगळ्या शाईने खोडलेल्या रेघांखाली एकोणिसावं कलम तेवढं शाबूत आहे. त्यात मी वेळेपुरता एक बदल केलाय, सलीमला विचारून. आमचा शुक्रवारचा पहिला फोन आता एकला होत नाही. सकाळी साडेदहाला होतो. तेव्हा उदगीरकडे एक वाजलेला असतो. त्याआधी मी फळीवरून नववी 'ब'चं ताट काढून सतरंजीवर उपडं ठेवतो. वहिनी उचलतात. मी विचारतो, वाढून घेतलं का? त्या म्हणतात, घेतलं भाऊ, बसलेच आता. मग मी सरांचं ताट सुलटं करतो, आणि सलीम नमाजहून यायच्या आत भाताचं बघायला आत जातो.